पाण्याआधीचा शब्द

कनेरगाव नाका
१४ जुलै २०२४

पुनम,

टाईप करणं मला जमत नाही, म्हणून वहीत लिहून पानांचे फोटो पाठवते आहे. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघ.

फोनवर बोलले असते, पण रविवारी तुझा फोन येतो तो सृष्टीसाठी. मी उचलला की तू म्हणतेस, "सृष्टीला दे." दोन वर्षं झाली, आपलं बोलणं त्याच्यापुढं गेलेलं नाही. आईच्या तेराव्याला मी तुला फोनवर काय बोलले ते मला आठवतं. आई मेली तरी आली नाहीस, लेकरासाठी काय येशील, असं बोलले होते. तुझे तिकडचे कागद तेव्हा अर्धवट होते, निघाली असतीस तर परत शिरता आलं नसतं, हे मला माहीत होतं. माहीत असून बोलले.

आता मुद्द्याचं. तू कळवलंस तसा सृष्टीचा फ्रेंचचा क्लास सुरू झाला. शनिवार-रविवार सकाळी आठला, फोनवर. शिकवणारे दुबे सर भोपाळचे आहेत, हिंदीतून शिकवतात. मुलं तीनच आहेत, बाकी सगळी मोठी माणसं. कोणी नर्स, कोणी सुतार, एक कानपूरची बाई आहे तिचा नवरा तुझ्याच भागात ट्रक चालवतो. सृष्टी तिसरीत, तिची शाळा मराठी, हिंदी तिला टीव्हीवरून येते तेवढीच. म्हणजे सर हिंदीत सांगतात, मी तिला मराठीत सांगते, मग ती फ्रेंच म्हणते. मी शेजारी बसले नाही तर तिला काही कळत नाही. म्हणून हॉटेलातली सकाळची पोह्याची कढई हे सांभाळतात आणि मी मागच्या खोलीत बसते.

हे म्हणाले, तू बारावी शिकलेली त्याचा आज उपयोग झाला.

तू तिला तुझ्याकडं नेणार, त्या पासपोर्टसाठी नांदेडला जाऊन आलो. तुझं तिकडून आलेलं शपथपत्र चाललं. फोटो काढताना सृष्टी हसली, तर तिथला माणूस म्हणाला, हसायचं नाही. तेव्हापासून ती आरशात न हसायची सवय करून राहिली.

तुझी ताई

१८ ऑगस्ट २०२४

पुनम,

सृष्टीचा ताप उतरला. काळजी करू नको. तापात ती फार बडबडते, स्वप्निलरावही तसेच होते म्हणे. तू एकदा सांगितलं होतंस. बाप जाऊन सात वर्षं झाली, लेकराला त्यांचा चेहरा आठवत नाही, पण बडबड तेवढी घेतली.

आज सरांनी एक नवीन प्रकार शिकवला आणि अर्धा क्लास रडकुंडीला आला. फ्रेंचमध्ये म्हणे नुसतं "पाणी पिते" असं बोलता येत नाही. पाण्याच्या आधी एक बारका शब्द लागतो. सर म्हणाले, "हिंदी में हम बोलते हैं, मैं पानी पीती हूँ। बात ख़त्म। फ़्रेंच में पानी अकेला नहीं आएगा। जितना पानी दुनिया में है, उसमें से थोड़ा, यह बताना पड़ेगा।" पुल्लिंगी असेल तर द्यू, स्त्रीलिंगी असेल तर द ला, पुढं स्वर आला की दोन्ही जुळून द ल, आणि पुष्कळ असतील तर दे. भात म्हणजे द्यू री. सूप म्हणजे द ला सूप. पाणी द लो.

इंदूरचा एक माणूस म्हणाला, सर, हिंदीत हा शब्दच नाही तर आम्ही आणायचा कुठून? सर म्हणाले, हीच तर अडचण आहे, तुम्ही तो विसरणार आणि मी परत परत सांगणार.

त्यात लिंगाचा घोळ. चहा हिंदीत बाई, फ्रेंचमध्ये पुरुष. पाणी हिंदीत पुरुष, तिकडं बाई. आपल्यात तर पाणी ना पुरुष ना बाई, नुसतं ते पाणी. सृष्टीनं मला विचारलं, "मोठीआई, मग पाणी ते का ती?"

मी म्हणाले, "कुठं जाऊन पितीस त्यावर हाय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग मी तिला पिठाच्या डब्यापाशी नेलं. म्हटलं, डब्यात आहे ते सगळं पीठ. त्यातलं परातीत घेतलं ते वाट्याचं. त्या वाट्याला फ्रेंच माणूस नाव देतो, आपण देत नाही, एवढाच फरक. मला पटकन समजलं, ती मात्र तीन वेळा चुकली. "ज माँज री" म्हणत राहिली. मी भात खाते, पण त्यात वाटा नाही. तिला तिथं शाळेत घालायची तर अजून पुष्कळ वेळ लागेल असं मला वाटतं. घाई करण्यात अर्थ नाही.

पासपोर्टचं विचारलंस. अजून काही आलेलं नाही.

ताई

२९ सप्टेंबर २०२४

पुनम,

तुझा निरोप मिळाला. पासपोर्ट नाही आला. पावसाळ्यात टपाल मागं-पुढं होतं. तू तिकडून अर्ज-बिर्ज करत बसू नको, येईल तेव्हा येईल. दिवाळीत तिला न्यायला यायची रजा पुढं ढकलता आली तर बघ. तिथली शाळा तर सुरू होऊन गेलीच म्हणतेस, मग आता दोन महिने इकडं काय आणि तिकडं काय.

क्लासमध्ये अजून तोच धडा चालू आहे, वाट्याच्या शब्दांचा. कोणालाच नीट येत नाही. सरांनी आज सांगितलं की खाताना, पिताना, आणताना वाटा घ्यायचा, पण आवडतं असं म्हणायचं असेल तर वाटा चालत नाही. तिथं ल किंवा ला, म्हणजे सगळंच्या सगळं. दूध पिते म्हणायचं तर द्यू ले, पण दूध आवडतं म्हणायचं तर जेम ल ले. कानपूरच्या बाईनं विचारलं, असं का? सर म्हणाले, "आपको गिलास भर दूध पसंद है, या दूध पसंद है?" सगळे हसले.

आणि नाही म्हणायचं असेल तर द्यू, द ला, दे सगळं पुसून नुसतं द राहतं. मीठ नाही, पा द सेल. घरात काय काय नाही अशी पाच वाक्यं लिहून आणा म्हणाले. सृष्टीनं लिहिलं, मटण नाही, बर्फ नाही, समुद्र नाही. समुद्राला चूक दिली, समुद्र घरात कसा असेल म्हणाले. मी पण माझ्या वहीत लिहिली. मी काही क्लासात नाही, मला कोणी विचारणार नव्हतं. पाचवं वाक्य लिहिलं, ज ने पा द फीय. मला मुलगी नाही. मुलगी मोजायची गोष्ट, ती एक असते किंवा दोन असतात, तिच्यातून थोडी असं होत नाही. पण नाही म्हटलं की तिलाही तोच द लागतो, मिठाला लागतो तोच. वाक्य बरोबर होतं. मी ते पान फाडलं.

हे तुला काहून लिहिलं, मलाही कळत नाही. खोडता येत नाही आता, शाईचा पेन आहे.

ताई

२० ऑक्टोबर २०२४

पुनम,

सोयाबीनची कापणी चालली आहे. मजुरांच्या जेवणामुळं गेले तीन आठवडे मी क्लासला बसले नाही, सृष्टी एकटीच बसली. मी संध्याकाळी विचारायचे, काय शिकवलं? ती म्हणायची, कळलं न्हाई. मी म्हणायचे, राहू दे, येईल हळूहळू.

परवा दुपारी मी हॉटेलमागं भांड्यांची टोपली घ्यायला गेले. तिथं लिंबाखाली सृष्टी आणि शेजारची दिपा खेळत होत्या. हॉटेल-हॉटेल. दिपा गिऱ्हाईक होती, विटेवर बसलेली. सृष्टीनं खांद्यावर फडकं टाकलेलं, यांच्यासारखं. आणि ती दिपाला म्हणत होती, वु वुले द्यू ते? द लो? द्यू पँ? चहा पाहिजे का, पाणी, पाव, असं. दिपा प्रत्येकाला मान हलवत होती. मग सृष्टी मोठ्यानं आत ओरडली, म्हणजे जसे हे ओरडतात तशी, पण फ्रेंचमध्ये. आणि परत येऊन सांगितलं, पा द ले. दूध नाही.

एक चूक नाही, पुनम. द्यू तिथं द्यू, द ल तिथं द ल, आणि नाही म्हणताना बराबर नुसता द. मला अजून विचार करावा लागतो, तिला लागत नव्हता. मी टोपली धरून उभी राहिले.

तिनं मला पाहिलं आणि एकदम गप्प झाली. फडकं खाली टाकलं. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मोठीआई, मला काहीच येत न्हाई गं."

मी टोपली आत नेली. रात्रीच्या स्वयंपाकाला लागले. भाकरी थापताना ध्यानात आलं, की धडा बरोबर आला की माझं तोंड उतरतं हे तिनं कधीतरी पाहिलं असणार. तिनं बरोबर म्हणायचं सोडलं ते त्यामुळं. आठ वर्षांचं लेकरू मला जपून राहिलं होतं.

तुला दिवाळीत येता येणार नाही, तिच्या तिकडच्या कागदाची मुदत वाढवून मागितली आहेस, हे कळलं. पासपोर्टबद्दल तू तक्रार केलीस तेही कळलं. केली नसतीस तर बरं झालं असतं. एवढंच लिहिते.

ताई

१० नोव्हेंबर २०२४

पुनम,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्ये फोन करू नको.

सृष्टीचा पासपोर्ट नऊ ऑगस्टला आला. नागपंचमी होती. धर्मसिंगभाऊ, आपले पोस्टमन, तूही ओळखतेस, सकाळी अकराला हॉटेलवर आले. मी सही करून घेतला. हे वाशिमला सामान आणायला गेले होते, सृष्टी शाळेत होती. मी पाकीट फोडलं. तिचा न हसलेला फोटो बघितला. मग आत जाऊन आईच्या पेटीत, आईच्या हिरव्या लुगड्याखाली ठेवून दिला. लपवायचा असं मनात नव्हतं. आज नाही, उद्या सांगू, असं वाटलं. मग रविवारी तू विचारलंस आणि माझ्या तोंडून निघालं की नाही आला. एकदा म्हटल्यावर पुढं म्हणत गेले.

तुझ्या तक्रारीवर कॉम्प्युटरमध्ये "पोचला" असं दिसलं. मग ते धर्मसिंगभाऊंवर आलं. त्यांना हिंगोलीला बोलावून लेखी जबाब घेतला. त्यांनी माझ्या सहीची पावती दाखवली, तर कोणी म्हणालं, सही कोणीही करतं. तीस वर्षांची नोकरी, दीड वर्ष राहिलं आहे.

गेल्या मंगळवारी ते हॉटेलवर आले. बाकावर बसले. यांनी चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. मला म्हणाले, "ताई, ही सही तुमचीच हाय ना?"

यांच्यासमोर विचारलं. सृष्टी पण तिथंच गल्ल्यापाशी अभ्यास करत बसली होती.

मी म्हणाले, "माझ्या ध्यानात न्हाई, भाऊ."

त्यांनी पावतीची घडी केली आणि खिशात ठेवली. रागावले नाहीत. म्हणाले, "तुमच्या आईची मनिऑर्डर मी आणून देत होतो," आणि सायकल घेऊन गेले. तुझ्याशी खोटं बोलले तेव्हा स्वतःला समजावलं होतं की मी तिला वाढवलं, माझा काही हक्क आहे. धर्मसिंगभाऊंशी खोटं बोलले त्याला मला काही कारणच सापडेना.

तीन दिवस मी तशीच राहिले. शुक्रवारी सकाळी यांना सांगितलं. हे ओरडले नाहीत. कढईखालचा गॅस बंद केला. मग म्हणाले, "काहून केलंस?"

मी म्हणाले, "ती गेली की आपल्या घरात कोण राहतं?"

मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातलं गेलं, ते त्यांच्याही अंगावरून गेलेलं आहे. त्यांनी मोटारसायकल काढली आणि म्हणाले, "चल."

मी पेटी उघडायला गेले तर सृष्टी मागं उभी होती. शाळेचा ड्रेस घातलेली. ती म्हणाली, "लुगड्याखाली न्हाई. तिकडं कोपऱ्यात हाय. मी बघून ठेवला होता."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, पोळ्यापासून. आईच्या पेटीत कापूर ठेवायला मीच तिला पाठवलं होतं. ती रोज शाळेतून आल्यावर पेटी उघडून आपला फोटो बघायची आणि परत ठेवायची. मी म्हणाले, "मग मम्मीला काहून न्हाई सांगितलंस?"

तिनं खांदे उडवले. म्हणाली, "तू रडली असतीस."

हिंगोलीच्या पोस्टात मी पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि सही माझी आहे असं लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी मला पाच मिनिटं उभं ठेवलं आणि जे बोलायचं ते बोलले. ते सगळं मी ऐकून घेतलं. परत येताना धर्मसिंगभाऊंच्या तांड्यावर गेलो. ते घरी नव्हते. त्यांच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं, काही विचारलं नाही.

तुझी तक्रार आजच मागं घे. पासपोर्टच्या पानांचे फोटो सोबत पाठवले आहेत. माझ्याबद्दल तुला जे वाटेल ते वाटू दे.

शिला

२६ नोव्हेंबर २०२४

पुनम,

तुझं एकच वाक्य आलं. "सहा वर्षं मी तुला दिली होती, ताई, पण हे तीन महिने तू चोरलेस."

मी ते पुष्कळदा वाचलं. त्यात चूक काढायला मला जागा सापडली नाही.

धर्मसिंगभाऊंवरचं सगळं मिटलं. ते आता टपाल यांच्या हातात देतात, माझ्या नाही. ठीक आहे.

क्लासला मी परत बसते. पण आता सृष्टी मला शिकवते. मी चुकले की ती सरांसारखी म्हणते, "पानी अकेला नहीं आएगा." रोज जेवताना आम्ही फ्रेंचमध्ये मागतो. भाकरीला तिकडं शब्द नाही, म्हणून आम्ही द ला भाकरी करून टाकलं. सर म्हणाले, चालेल. तुला कळवायचं हे, की ती तयार आहे. ती ऑगस्टमध्येच तयार होती.

शिला

२ मार्च २०२५

पुनम,

तुम्ही दोघी सुखरूप पोचलात हे यांना आलेल्या फोनवरून कळलं.

नऊ दिवस तू इथं होतीस आणि आपण कामापुरतं बोललो. तू आईच्या फोटोसमोर बसलीस तेव्हा मी आत निघून गेले, ते तुला एकटीला बसू द्यावं म्हणून. तुला वाटलं असेल मी टाळते आहे. टाळतही होते.

पहिल्या दिवशी सृष्टी तुला "तुमी" म्हणाली. "तुमी बसा, मी पाणी आणते." पाहुण्याला म्हणतात तसं. तुझा चेहरा मी पाहिला. तू बॅगेची चेन उघडायला लागलीस, ती उघडीच होती. संध्याकाळी मी तिला गोठ्यामागं नेऊन सांगितलं, मम्मीला तू म्हण. ती म्हणाली, मला लाज वाटते. मी म्हणाले, मला म्हणतीस तशीच. ती म्हणाली, तशी न्हाई येत.

सातव्या दिवशी तू न्हाणीपाशी मला गाठलंस, तेवढंच आपलं बोलणं झालं. तू म्हणालीस, "मी तिथं म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचे, ताई. परक्या माणसांची पाठ चोळायचे आणि मनात म्हणायचे, तिकडं ताई माझ्या लेकराला न्हाऊ घालत असेल. त्याच्यावर मी सहा वर्षं काढली." मला उत्तर द्यायचं होतं. पण तेवढ्यात यांनी पाहुणे आले म्हणून हाक मारली. तू तोंड धुतलंस आणि बाहेर गेलीस.

उत्तर आता देते. मी तिला न्हाऊ घालताना तुझी आठवण काढत नव्हते. सुरुवातीला काढायचे, पहिलं वर्षभर. पुढं विसरले. मोठी होत गेली तशी ती मला माझीच वाटायला लागली. मी तुझ्याकडून चोरलं ते तीन महिन्यांत नाही, त्याच्या कितीतरी आधी. तुझ्या वाक्यात चूक होती ती एवढीच.

जीप वारंगा फाट्याला थांबली, तुम्ही हैदराबादच्या गाडीत बसणार आणि आम्ही तिथून परतणार, असं ठरलेलं होतं. तू तिकिटं बघायला गेलीस तेव्हा सृष्टी माझा हात धरून उभी होती. रडली नाही. मला वाटलं रडेल, मी पदर तयार ठेवला होता. मग गाडी लागली. तू वर चढलीस, तिला वर घेतलंस. खिडकीतून ती मला दिसत होती. तू सामान वर ठेवत होतीस आणि ती तुला म्हणाली, "तू माझ्या बाजूला बस."

तुला ते ऐकू आलं का माहीत नाही. गाडीचा आवाज होता. मला आलं.

हे म्हणाले, चहा घेऊ. आम्ही चहा घेतला. मग त्यांना रडू आलं, भर फाट्यावर. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

शिला

२० एप्रिल २०२५

पुनम,

तुझं पत्र आलं. तूही कागदावर लिहून फोटो पाठवलास. अक्षर अजून तसंच आहे, वेलांट्या लांब. पहिल्या ओळीत ताई म्हणालीस, ते मी यांना वाचून दाखवलं.

ती जेवत नाही असं लिहिलंस. भात कोरडा वाढत असशील. तिला भातावर ताक लागतं आणि ताकात मीठ, आधीच कालवलेलं. पुढ्यात मीठ ठेवलं तर ती घेत नाही. वेणी डावीकडून घालायला घे, उजवीकडं तिला जुनी खोक आहे, तिथं दुखतं. विटेवर पडली होती, चार वर्षांची असताना. मी तुला तेव्हा कळवलं नव्हतं. शाळेत पहिले पंधरा दिवस ती कोणाशी बोलणार नाही. इथंही बोलली नव्हती. सोळाव्या दिवशी बाई तक्रार घेऊन आल्या की फार बोलते.

रोज व्हिडिओवर तिला माझ्याशी बोलायला देऊ का असं विचारलंस. तुझ्या मनाचा मोठेपणा आहे, पुनम. ते वाचून मी वही घेऊन ओट्यावर बसले. हो लिहायला घेतलं होतं.

पण नको. निदान दिवाळीपर्यंत नको. ती रोज मला बघेल, रोज फोन ठेवताना तुटेल, आणि फोन हातात धरणारी तू असशील. तो राग तुझ्यावर येईल. मोठीआई कुठं आहे विचारलं तर कापणीत आहे म्हण, पाहुण्यांत आहे म्हण. खोटं आहे, पण ते माझ्या नावावर घाल. मला खोट्याची सवय आहे. यांनाही मी सांगून ठेवलं आहे. ते दोन दिवस बोलले नाहीत, आता ठीक आहेत. तिच्या शाळेत तिचा हात धरून जा. तिच्याशी फ्रेंच बोल, मराठीही बोल. तिला जे लागतं ते तुझ्याकडं मागू दे.

शेवटी तू लिहिलंस ते. पहाटे अर्धवट झोपेत ती "आई" म्हणून हाक मारते, आणि तू जवळ गेलीस की डोळे उघडून बघते आणि कुशीवर वळते. तू विचारलंस, ताई, ती तुला हाक मारते ना?

मला माहीत नाही. आणि मला माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं. झोपेतलं लेकरू आहे. तिनं हाक मारली की दारात थांबू नको, कोणाला मारली ते ऐकत बसू नको. लगेच जा, आणि ओ दे.

तुझी ताई